समुद्राला नारळी पौर्णिमा, डोंगराला कार्तिकी

मुंबईच्या वरळी, माहीम आणि वर्सोवा येथील कोळीवाड्यांत ज्येष्ठ-आषाढाचे दिवस आले की होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवल्या जातात. समुद्र खवळलेला असतो, आणि तोच काळ जलचरांच्या प्रजननाचाही असतो. श्रावणी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण केल्यावरच होड्या पुन्हा पाण्यात लोटायच्या, हा या समाजाचा जुना रिवाज आहे. पुढे शासनानेही जून आणि जुलै या महिन्यांत यांत्रिक नौकांच्या मासेमारीवर बंदी घालून त्या रिवाजाला कायद्याचे रूप दिले. मासेमारी हा जैन दृष्टीला मान्य होणारा व्यवसाय नव्हे. तरीही ज्या समाजाची चूल समुद्रावर पेटते, त्यानेसुद्धा वर्षातील काही काळ समुद्राकडे पाठ फिरवून बसण्याची मर्यादा पाळली, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. नारळी पौर्णिमेला किनाऱ्यावर उत्सव पाहायला जमणाऱ्या गर्दीला नाचगाणी आणि सजवलेल्या होड्या दिसतात. मात्र त्या उत्सवाच्या मुळाशी थांबण्याचा एक नियम आहे, याची आठवण थोड्यांनाच असते.

त्याच मुंबईत कार्तिकी पौर्णिमेला भायखळ्याच्या आदीश्वर मंदिरात पहाटेपासून रांग लागते. शेठ मोतीशा यांनी १८२९ साली उभारलेले हे मंदिर शत्रुंजय तीर्थाचे स्मरण म्हणून ओळखले जाते. चातुर्मासात श्वेतांबर परंपरेनुसार पालिताण्याच्या शत्रुंजय गिरीची यात्रा बंद असते. ती कार्तिकी पौर्णिमेला पुन्हा सुरू होते. द्राविड आणि वारिखिल्ल हे दहा कोटी मुनींसह याच दिवशी शत्रुंजयावर मोक्षाला गेले, अशी श्रद्धा आहे. ज्यांना त्या दिवशी सौराष्ट्रात जाणे शक्य नसते, ते भायखळ्यास येऊन भावयात्रा करतात. तेव्हा नारळी पौर्णिमा समुद्र उघडते आणि कार्तिकी पौर्णिमा डोंगर उघडते, असे म्हणण्यास हरकत नाही. दोन्हींमागे एकच शहाणपण आहे: निसर्गाचे दार बारमाही उघडे नसते.

समुद्रापासून दूर, नाशिक जिल्ह्याच्या उत्तर भागात गिरणेच्या खोऱ्यात वसलेल्या कळवणला हे शहाणपण परके नाही. दक्षिणेस सातमाळा रांग, उत्तरेस सेलबारी-डोलबारीचे डोंगर आणि मधल्या खोऱ्यात कांद्याची, मक्याची, डाळिंबाची शेते, असा हा मुलूख आहे. येथे समुद्रकिनारा नाही. पाहुण्यांना घेऊन जावे असे जे काही आहे, ते डोंगरावरच आहे. आणि त्या प्रत्येक डोंगराला स्वतःची तिथी आहे.

चैत्र ते कोजागरी

वर्षातील पहिली मोठी यात्रा चैत्रातील. कळवण तालुक्यातील सप्तशृंगगडावर रामनवमीपासून चैत्र पौर्णिमेपर्यंत चैत्रोत्सव भरतो. खान्देशातून हजारो भाविक रणरणत्या उन्हात पायी येतात. कळवण आणि देवळ्याकडचे रस्ते त्या आठवड्यात माणसांनी वाहत असतात. चैत्र शुद्ध चतुर्दशीच्या रात्री गडाच्या अतिशय कठीण अशा शिखरावर ध्वज लावला जातो. तो मान दरेगावच्या गवळी घराण्याकडे परंपरेने चालत आला आहे. शिखराची ती वाट इतर कोणी चढत नाही. डोंगराचा माथा सर्वांसाठी नाही, ही जाणीव एका घराण्याच्या मानातून जपली गेली आहे.

जैन कुटुंबांसाठी या आठवड्याला आणखी एक अर्थ आहे. चैत्र शुद्ध त्रयोदशी, म्हणजे भगवान महावीरांचा जन्मकल्याणक दिन, याच यात्रेच्या मध्यात येतो. गावात सकाळी प्रभातफेरी निघावी आणि त्याच रस्त्यावरून दुपारी तहानलेले पदयात्री जावेत, हा योग दरवर्षी जुळून येतो. जन्मकल्याणकाच्या दिवशी गाळलेल्या पाण्याची पाणपोई यापेक्षा समर्पक दान या खोऱ्यात दुसरे कोणते असू शकेल? यात्रेकरूचे दैवत निराळे असले, तरी तहान निराळी नसते.

वैशाखात अक्षय्य तृतीया येते. खान्देश-बागलाणात तिला आखाजी म्हणतात. सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात, अहिराणी गाणी घुमतात. जैन परंपरेत याच तिथीला प्रथम तीर्थंकर भगवान ऋषभदेवांनी दीर्घ उपवासानंतर हस्तिनापुरात राजा श्रेयांसाच्या हातून उसाच्या रसाचा आहार घेतला. वर्षीतपाची पारणी या दिवशी होतात ती त्या प्रसंगाच्या स्मरणार्थ. कळवणपासून काही तासांच्या अंतरावर त्याच ऋषभदेवांची महाकाय मूर्ती डोंगरात उभी आहे. तिच्याविषयी पुढे येईलच.

आषाढात मात्र हे सारे थांबते. कळवण आणि बागलाणच्या डोंगरांवरील मोठ्या यात्रांची यादी केली, तर एक गोष्ट स्पष्ट दिसते: ऐन पावसाच्या आषाढ-श्रावणात त्यांपैकी एकही नाही. सप्तशृंगगडाचा दुसरा मोठा उत्सव नवरात्रात, म्हणजे पाऊस ओसरताना येतो. त्यानंतर कोजागरीला नद्यांचे जल कावडींतून आणून देवीला अभिषेक होतो आणि त्या रात्री तृतीयपंथीयांचाही मोठा मेळा गडावर जमतो. जिल्ह्यात श्रावणातील एक प्रसिद्ध यात्रा आहे ती त्र्यंबकेश्वरची. पण ती ब्रह्मगिरीची फेरी आहे, डोंगराच्या माथ्यावरची नव्हे, त्याच्या भोवतीची. जुन्या लोकांनी पंचांग आखताना पावसाळी डोंगराचा स्वभाव नीट ओळखला होता, असेच यावरून दिसते.

कार्तिकी आणि मांगी-तुंगी

बागलाण तालुक्यात, ताहाराबादजवळ, भिलवाड गावाच्या डोक्यावर मांगी आणि तुंगी ही जोडशिखरे उभी आहेत. समुद्रसपाटीपासून त्यांची उंची ४,३०० फुटांहून अधिक आहे. दिगंबर परंपरेत हे सिद्धक्षेत्र मानले जाते. राम, हनुमान, सुग्रीव, गवय, गवाक्ष, नील आणि महानील यांच्यासह ९९ कोटी मुनी येथून मोक्षाला गेले, असे निर्वाणकांडात सांगितले आहे. श्रीकृष्णाच्या देहावसानानंतर शोकाकुल बलभद्रांनी याच परिसरात तपश्चर्या केली, अशीही परंपरा आहे. कड्यांत कोरलेल्या गुहा आणि जिनप्रतिमा, शिखराच्या पोटातून जाणारी अरुंद परिक्रमा आणि हजारो पायऱ्यांची चढण, असे या वंदनेचे स्वरूप आहे.

येथील वार्षिक यात्रा कार्तिकी पौर्णिमेची. ही तिथी सहज निवडलेली नाही. कार्तिक शुद्ध अष्टमीपासून पौर्णिमेपर्यंत अष्टान्हिका पर्व असते. त्याआधी दिवाळीच्या अमावास्येला भगवान महावीरांचे निर्वाणकल्याणक साजरे झालेले असते आणि दिगंबर साधूंचा वर्षायोग संपलेला असतो. चार महिने एका जागी स्थिर राहिलेले साधू विहाराला निघतात, आणि त्यांच्या मागोमाग श्रावकही तीर्थाकडे निघतात. पायऱ्या कोरड्या झालेल्या असतात, गवत पिवळे पडू लागलेले असते, हवेत गारवा असतो. धर्माची तिथी आणि डोंगराची तिथी येथे एकच ठरते.

मांगीच्या बाजूला डोंगराच्या अखंड पाषाणात भगवान ऋषभदेवांची १०८ फूट उंचीची प्रतिमा कोरली गेली. गणिनीप्रमुख आर्यिका श्री ज्ञानमती माताजींच्या प्रेरणेने १९९६ साली हा संकल्प झाला आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये पंचकल्याणक प्रतिष्ठा पार पडली. त्याच वर्षी सर्वांत उंच जैन प्रतिमा म्हणून गिनेस विक्रमातही तिची नोंद झाली. ऑक्टोबर २०१८ मध्ये तत्कालीन राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या उपस्थितीत येथे विश्वशांती अहिंसा संमेलन झाले. ‘स्टॅच्यू ऑफ अहिंसा’ या नावाने ही प्रतिमा जगभर पोचली आणि मांगी-तुंगीचे स्वरूप बदलले. पूर्वी येथे येणारा बहुधा वंदनेलाच येत असे. आता पाहण्यासाठी येणाराही येतो. मूर्तीच्या दर्शनासाठी शिखराची सगळी चढण चढावी लागत नाही, त्यामुळे वृद्धांची आणि आजाऱ्यांची सोय झाली, हे निश्चितच पुण्याचे काम आहे. मात्र सोयीबरोबर एक गैरसमजही येतो: वाट सोपी झाली म्हणजे वेळही मोकळा झाला. त्यातूनच शनिवार-रविवार पावसाची सर, धुके आणि धबधबे पाहण्यासाठी डोंगर गाठण्याची नवी रूढी पडली आहे. पुढे ही गर्दी वाढणारच आहे. याच तालुक्यातील साल्हेर हा महाराष्ट्रातील सर्वांत उंच किल्ला, आणि जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या इतर अकरा किल्ल्यांसह त्याचा युनेस्कोच्या जागतिक वारशात समावेश झाला आहे.

पावसाळी डोंगराची किंमत

पावसात डोंगर सुंदर दिसतो, हे कोणी नाकारणार नाही. पण हे डोंगर थरांवर थर रचल्यासारख्या काळ्या पाषाणाचे आहेत. भेगांतून पाणी मुरते आणि दगड सैल होतात. पायऱ्यांवर शेवाळ धरते, घाटात दहा पावलांपलीकडचे दिसत नाही. जुलै २०२२ मध्ये सप्तशृंगगडाच्या पायऱ्यांवरून पाण्याचा प्रचंड लोंढा आला आणि भाविक जखमी झाले. जुलै २०२३ मध्ये गडाच्या घाटात एसटी बस दरीत कोसळली आणि एका प्रवासी भगिनीचा मृत्यू झाला. दोन्ही घटना एकाच महिन्यातील आहेत, हे विसरून चालणार नाही.

माणसाच्या जिवाबरोबर दुसऱ्या जिवांचा प्रश्न आहे, आणि जैन कुटुंबाला तो टाळता येत नाही. मृगाच्या पहिल्या सरीबरोबर मातीतून मखमली मृगाचे किडे वर येतात. गोगलगाई आणि पैसा किडे पायवाटांवर पसरतात. दगडांवरचे हिरवे शेवाळ म्हणजे जैन आगमांच्या भाषेत अनंतकाय, एका देहात अनंत जीवांचा वास. साधू चार हात भूमी पाहून पाऊल टाकतात. तरीही पावसाळ्यात ही दक्षता पुरेशी होणार नाही, म्हणून ते विहारच थांबवतात. ज्यांनी पावलोपावली काळजी घेण्याचे व्रत घेतले आहे, तेही या चार महिन्यांत चालणे पुरेसे निर्दोष मानत नाहीत. मग बूट घालून, घाईघाईने, छायाचित्रांसाठी वाट सोडून चढणाऱ्या गृहस्थाचे पाऊल किती जीवांवर पडत असेल? आणि हे पाऊल पडते कोठे, तर अहिंसेच्या नावाने जगाला ठाऊक झालेल्या डोंगरावर.

श्रावकाच्या आचारधर्मात यासाठी स्वतंत्र व्रते आहेत, हे पुष्कळदा विस्मरणात जाते. दिग्व्रतात दाही दिशांना जाण्याची मर्यादा जन्मभरासाठी ठरवायची असते. देशव्रतात ती मर्यादा काही काळापुरती आणखी आखडून घ्यायची असते. आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे प्रकार सांगताना प्रमादचर्येत निष्कारण भटकण्याचा आणि इतरांना भटकवण्याचाही समावेश केला आहे. शतकानुशतकांपूर्वी, मोटारी आणि जोडसुट्ट्या नसताना, हे लिहिले गेले. व्यापारानिमित्त दूरदूर जाणाऱ्या समाजाला प्रवासाचे वावडे नव्हते; म्हणूनच प्रवासाची मर्यादा त्यांना व्रत म्हणून सांगावी लागली. मूर्तिपूजक असो वा स्थानकवासी, श्वेतांबर असो वा दिगंबर, तीर्थाविषयीच्या धारणा भिन्न असतील. चातुर्मासातील संयम मात्र सर्वांचा समान आहे.

शेजाऱ्यांचा डोंगरदेव

हा संयम केवळ जैनांनीच जपला, असे मानण्याचे कारण नाही. कळवण, सुरगाणा आणि बागलाणच्या पाड्यांवर राहणारे कोकणा आणि भिल्ल बांधव मार्गशीर्षात डोंगऱ्या देवाचा उत्सव करतात. शेतीची कामे आटोपलेली असतात. व्रत घेतलेले भक्त अनवाणी राहतात, उपवास आणि ब्रह्मचर्य पाळतात, थंड पाण्याने स्नान करतात, रात्री पावरीच्या सुरांवर फेर धरतात आणि अखेरीस डोंगरातील देवस्थानाकडे जातात. डोंगराकडे जाण्याआधी स्वतःला शुद्ध करावे लागते, हा त्या उत्सवाचा गाभा आहे. दुकानाच्या ओट्यावर वर्षानुवर्षे ज्यांच्याशी देवघेव होते, त्या शेजाऱ्यांचे हे व्रत जैन घरांतील मुलांना ठाऊक असावे. देव वेगळा, पूजा वेगळी. पण डोंगर हा करमणुकीचा विषय नाही, व्रताचा विषय आहे, ही समज दोघांची एकच.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. मांगी-तुंगीला वृद्ध यात्रेकरूंना डोलीतून नेणारे, पायथ्याशी चहा-पाणी विकणारे, खोल्या झाडणारे हे बहुतेक याच परिसरातील गरीब लोक आहेत. यात्रेकरू कमी झाले, तर त्यांच्या पोटाचे काय? सोयीस्कर संयम सांगणाऱ्याने या प्रश्नाला बगल देऊ नये. त्याचे उत्तर असे की, थांबायचे आहे ते चार महिने. उरलेले आठ महिने मोकळे आहेत. पावसाळा हे त्या लोकांचेही पेरणी-लावणीचे दिवस असतात. अडचण यात्रेकरू कमी असण्याची नाही, ते एकाच तिथीला आणि एकाच रविवारी लोटण्याची आहे. कार्तिकीला ज्यांना जमेल त्यांनी अवश्य जावे. इतरांनी मार्गशीर्ष, पौष, माघ या महिन्यांतील आठवड्याचे साधे दिवस निवडले, फाल्गुनातील अष्टान्हिका निवडली, तर डोंगरावरचा भार हलका होईल आणि डोलीवाल्याच्या घरी आठ महिने मजुरी पोचेल. डोलीचे दर चढणीआधी ठरवावेत. ठरल्यावर घासाघीस करू नये. दुसऱ्याच्या खांद्यावर बसून मिळवलेल्या वंदनेची मजुरी कमी करण्यात कसले पुण्य?

कुटुंबासाठी काही नियम

कळवणच्या परिसरात वंदनेला येणाऱ्या कुटुंबाने काही साधे नियम ठरवले, तर यात्रा सुखाची होते आणि निर्दोषही. मांगी-तुंगीची चढण पहाटे, पण पायाखालचे दिसेल इतके उजाडल्यावर सुरू करावी. दुपारपर्यंत खाली यावे आणि सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपावे; रात्रिभोजनत्यागाचा नियम येथे सुरक्षिततेचाही नियम ठरतो. गाळलेले पाणी घरूनच धातूच्या बाटल्यांत न्यावे, म्हणजे रिकाम्या प्लास्टिकच्या बाटल्या दरीत जाणार नाहीत. गुहांतील प्रतिमांना हात लावू नये, भिंतींवर नावे लिहू नयेत. वानरांना पाकिटातील खाऊ देणे ही जीवदया नव्हे. त्याने प्राणी आजारी पडतात आणि माणसांवर धावून जाऊ लागतात. ज्यांना नाशिकच्या बाजूने यायचे आहे, त्यांनी म्हसरूळजवळच्या गजपंथाची वंदनाही जोडावी. सात बलभद्र आणि आठ कोटी मुनींचे ते सिद्धक्षेत्र शहराला लागून असल्याने एका दिवसात दोन्हींची घाई करण्यापेक्षा मुक्काम करणे श्रेयस्कर. चांदवडच्या डोंगरातील आणि मनमाडजवळच्या अंकाई-टंकाईवरील जैन लेणी मार्गात येतात. तीही शांतपणे पाहावीत.

आणि चातुर्मासात काय करावे? पर्युषण आणि दशलक्षण पर्व याच काळात येतात. दूरचे तीर्थ बंद असते, तेव्हा गावातील मंदिर आणि स्थानक उघडे असते. साधू-साध्वींचा वर्षावास गावात असेल, तर तीर्थच चालत घरापाशी आलेले असते. मुलांना निर्वाणकांडातील क्षेत्रांची नावे पाठ करवावीत, नकाशावर मांगी-तुंगी, गजपंथ, कुंथलगिरी शोधायला लावावीत. आषाढ चतुर्दशीला घरातील सर्वांनी मिळून कार्तिकीपर्यंत डोंगर न चढण्याचा नियम घेतला, तर तो लहान मुलांनाही झेपणारा आहे.

असा नियम घेणाऱ्या मुलाला कार्तिकीची वाट पाहावी लागते. जे केव्हाही पाहता येते, त्याचे अप्रूप फार टिकत नाही. चार महिने थांबल्यानंतर कोरड्या पायरीवर ठेवलेले पहिले पाऊल, आणि त्याआधी ती पायरी निरखून पाहणारी नजर, एवढे जरी त्या मुलाला मिळाले, तरी मांगी-तुंगीच्या डोंगराने त्याला आपला धर्म शिकवला असे म्हणता येईल.